जळगावहून एक दिवसाची सहल, गाइडसह: चार ठिकाणं करावीत की एकच?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत धाकट्या भावाचं लग्न आहे, जळगावलाच. मुंबई-पुण्याहून मामा, मावश्या, त्यांची नातवंडं असे सोळा-सतरा जण येणार आहेत. लग्नानंतरचा एक दिवस मोकळा आहे, सत्यनारायण त्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवलाय. सगळ्यांची इच्छा आहे की तो एक दिवस कुठेतरी फिरून यावं. यातले बरेच जण तीस वर्षांपूर्वी खान्देश सोडून गेलेत, मुलांनी तर काहीच पाहिलेलं नाही.

एका ट्रॅव्हल्सवाल्याने टेम्पो ट्रॅव्हलर आणि गाइड धरून एक दिवसाचं पॅकेज सांगितलंय: सकाळी पद्मालय, मग पाटणादेवी, दुपारी अजिंठा, येताना शेंदुर्णीचं त्रिविक्रम मंदिर. सकाळी सहाला निघून रात्री नऊला घरी. आई सत्तरीची आहे, गुडघे दुखतात पण यायचं म्हणते. सगळ्यात लहान मेंबर पाच वर्षांचा.

हे होण्यासारखं आहे का? आणि गाइडचे पैसे द्यावेत का? माझे काका म्हणतात, "आपल्याच मुलखात आपल्याला कोण काय दाखवणार?"

स्टेअरिंगवाला
भाऊ, वीस वर्षं या रस्त्यांवर गाडी चालवतोय, हिशेब सांगतो. जळगाव ते एरंडोल आणि आत पद्मालय, सतरा माणसं गाडीत बसून उतरेपर्यंत धरली तर सव्वा तास. तिथून चाळीसगावमार्गे पाटणादेवी, दोन-सव्वादोन तास. पाटणादेवीहून पाचोऱ्याकडून अजिंठा, अडीच तासांच्या खाली मी तरी कधी गेलो नाही. अजिंठ्याहून परत जळगाव दीड तास. म्हणजे सात-साडेसात तास नुसते चाकावर. चहा, नाश्ता, लहान पोराला उलटी, मावशीला "जरा बाजूला घ्या", हे वेगळं.

फर्दापूरच्या टी पॉइंटला तुम्ही चार वाजता पोचणार. तिथे आपली गाडी ठेवायची आणि त्यांच्या बसने चार किलोमीटर आत जायचं. मग पायऱ्या. लेण्यात शिरेपर्यंत शिट्टी वाजायला लागते. मी अशी माणसं परत आणलीत, गाडीत कोणी कोणाशी बोलत नाही. नका करू.

एरंडोलची_सून
स्टेअरिंगवाला यांचा हिशेब पटला, पण दुसरी बाजूही सांगते. माझ्या सासूबाई वर्षातून एकदा घराबाहेर पडतात. त्यांना एकच ठिकाण दाखवलं तर "एवढ्यासाठी गाडी केली?" असं म्हणतात. चार देवळांत डोकं टेकवलं, ओटी भरली, प्रसाद घेतला की त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्यांच्यासाठी सहल म्हणजे दर्शन. लेण्यांत त्या बाहेर दगडावर बसून राहिल्या होत्या.

म्हणून आधी बरोबर येणाऱ्या बायकांना विचारा, त्यांना काय हवंय ते. पद्मालय मला विशेष प्रिय. एकाच गाभाऱ्यात दोन गणपती, एक डाव्या सोंडेचा, एक उजव्या सोंडेचा, आणि समोर कमळांचं तळं. तिथे तासभर नुसतं बसावं.

अहिरानी_गोडवा
काकासले सांगा, आपला मुलूख आपुन देखेल नही, तेच तर दुख शे. मन्हं घर पाचोरा तालुकामां, आनि अजिंठा मी देखा पन्नासाव्या वर्षी!

भुसावळ_जंक्शन
अजिंठाच करा, आणि फक्त अजिंठा. जगभरची माणसं विमानाने येऊन बघतात ते आपल्यापासून साठ किलोमीटरवर आहे. १९८३ साली युनेस्कोच्या यादीत गेलं.

आमच्या भुसावळचा एक धागा सांगतो. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याची चित्रं कॅनव्हासवर उतरवत बसला. कित्येक वर्षांचं काम. ती चित्रं लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. माणसाने पुन्हा काम सुरू केलं. १८७९ मध्ये तो वारला, त्याची कबर भुसावळात आहे. त्याची सोबतीण पारो, तिची कबर अजिंठा गावात. मी शाळेत असताना त्या कबरीजवळून रोज जायचो, कोणी सांगितलं नाही की इथे कोण झोपलंय. कॉलेजात गेल्यावर कळलं आणि घशात आवंढा आला. म्हणून गाइड हवा. काकांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा.

तापीतीर
भुसावळ_जंक्शन, तुमच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन, फक्त "फक्त अजिंठा" याला नाही. दरवेळी पाहुणे आले की अजिंठा. खान्देशात पालचं थंड हवेचं ठिकाण आहे, मनुदेवी आहे, उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आहेत, चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे, हतनूरला हिवाळ्यात पक्षी उतरतात. आणि खरं सांगायचं तर अजिंठा आपल्या जिल्ह्यातही नाही, संभाजीनगर जिल्ह्यात आहे.

भुसावळ_जंक्शन
जिल्हा त्यांचा असेल, पाणी आपलं आहे. लेण्यांखालून वाहते ती वाघोरा पुढे वाघूर होऊन आपल्याकडे येते. वाघूर धरणातून जळगाव शहर पाणी पितं. म्हणजे तुम्ही रोज सकाळी चहा अजिंठ्याच्या पाण्याचा पिता!

तापीतीर
हे मात्र आवडलं. घेतो शब्द मागे, चहा ठेवतो.

लेणीवाट
धागा उशिरा पाहिला. मी अजिंठ्याला बरीच वर्षं पर्यटकांना लेणी दाखवतो. कोणत्या ट्रॅव्हल्सने काय सांगितलं त्यावर बोलत नाही, पण "गाइडसह" या शब्दावर बोलतो. पॅकेजमधला गाइड बऱ्याचदा गाडीत पुढे बसून "डावीकडे बघा" सांगणारा माणूस असतो. लेण्यात दाखवायला परवानाधारक गाइड वेगळा असतो, त्याच्याकडे ओळखपत्र असतं, तो तुम्हाला तिथेच मिळतो. मराठीतून सांगणारा हवा असं आधीच स्पष्ट बोला.

गाइड काय दाखवतो ते दोन-तीन गोष्टींत सांगतो. १० नंबरचं लेणं इसवी सनापूर्वीचं, अजिंठ्यातल्या सगळ्यात जुन्या लेण्यांपैकी. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आला होता, तेव्हा त्याला ही लेणी दिसली. त्याने या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव कोरलं. आज ते नाव आपल्या डोक्याच्याही वर दिसतं. का? तो काही राक्षस नव्हता. लेण्यात माती आणि दगडगोटे साचलेले होते, त्या ढिगावर उभा राहून त्याने कोरलं. एवढं सांगितलं की पोरं खालच्या जमिनीकडे बघतात आणि मग वर बघतात. त्या क्षणी त्यांना कळतं की हे सगळं किती वर्षं गाडलेलं होतं.

१ नंबरमध्ये एका खांबाच्या वर चार हरणं कोरलीत, चौघांना मिळून डोकं एकच. कुठलंही अंग धरून बघा, डोकं त्याचंच वाटतं. पाच वर्षांच्या मुलाला हे दाखवा, तो दिवसभर विसरणार नाही. त्याच लेण्यातल्या बुद्धमूर्तीवर बॅटरीचा उजेड एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, मग समोरून टाकला की चेहऱ्यावरचा भाव बदलतो. पद्मपाणी बोधिसत्त्वाचं प्रसिद्ध चित्र तर आहेच.

आणि एक विनंती. चित्रांच्या लेण्यात शिरल्या शिरल्या "दिसत नाही" म्हणून बाहेर पडू नका. डोळ्यांना दोन-तीन मिनिटं द्या. अंधारातून हळूहळू रंग वर येतात, निळा सगळ्यात शेवटी. तो निळा दूर वायव्येकडून व्यापारी मार्गाने आलेल्या दगडाचा आहे. चार ठिकाणं करणाऱ्या गाडीतल्या लोकांकडे ती दोन मिनिटं नसतात. मला त्यांचं फार वाईट वाटतं, कारण पैसे तर त्यांनीही तेवढेच भरलेले असतात.

डोंबिवलीची_खान्देशी
लेणीवाट दादा, अंगावर काटा आला. मी दहावीच्या सहलीला आले होते तेव्हा बाईंनी रांगेत उभं करून "चला, चला" करत पंचेचाळीस मिनिटांत सगळी लेणी संपवली. माझ्या डोक्यात फक्त माकडं राहिलीत.

एक शंका. चित्रं इतकी काळपट का दिसतात? पुस्तकात तर लखलखीत असतात.

लेणीवाट
ताई, कारणं बरीच. ओल, वटवाघळं, शतकांची धूळ आणि धूर. त्यात निजामाच्या काळात, १९२० च्या सुमाराला, इटलीहून तज्ज्ञ आणून चित्रं टिकावीत म्हणून लाखेचा लेप दिला. तेव्हा तो पक्का उपाय वाटला होता. पुढे लेपच पिवळा-काळा पडत गेला. नंतर पुरातत्त्व खात्याने बरीच वर्षं खपून तो काही भागांतून काढलाय. म्हणून फ्लॅश चालत नाही, आणि चित्रांच्या लेण्यात एका वेळी ठरावीक माणसंच सोडतात. भिंतीला हात लावू नका. तो गिलावा मातीचा आहे, त्यात भाताचा तूस आणि झाडांचे तंतू मिसळलेत. आपल्या घरच्या सारवणासारखंच काम, फक्त दीड हजार वर्षं टिकलेलं.

केळीचा_घड
जेवणाचं कोणी बोललंच नाही! सहल म्हणजे डबा. दशम्या करा, दुधात भिजवलेल्या, दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, तिखटाच्या पुऱ्या. फेब्रुवारीत भरताची वांगी शेवटची येत असतात, आदल्या रात्री काड्यांवर भाजून ठेवा, सकाळी फोडणी. मुंबईकरांना कळण्याची भाकरी खाऊ घाला, ज्वारी-उडदाची ती चव त्यांना तिकडे मिळत नाही.

लेवा_लेक
कळण्याच्या भाकरीवर कच्चं तेल आणि कांदा राहिला की भो! भरीत फोडणीचं का घोटलेलं यावर वेगळा धागा काढा, इथे सुरू झालं तर अजिंठा राहील बाजूला.

निवृत्त_मास्तर
पहूरचा उल्लेख अजून कसा आला नाही? जळगावहून अजिंठ्याला जाताना पहूर लागतं. पाचोरा-जामनेर नॅरोगेज, आमची पीजे, तिथूनच जायची. कोरोनाच्या वेळी २०२० मध्ये थांबली ती थांबलीच, आता ब्रॉडगेजचं काम चाललंय. शेंदुर्णीच्या शाळेत मी नोकरीला असताना वर्गातली अर्धी मुलं पीजेने यायची. गाडी इतकी सावकाश जायची की उशीर झालेला मुलगा पळत येऊन डब्याचा दांडा धरायचा आणि आतले त्याला वर ओढून घ्यायचे. मी एकदा पंचवीस मुलांना पीजेने पहूरला आणि तिथून एसटीने लेण्यांना नेलं होतं. तीच माझी गाइडसह सहल, गाइड मीच. आदल्या आठवडाभर वाचून टिपणं काढली होती. १७ नंबरला विश्वंतर जातकाची गोष्ट सांगितली, राजपुत्र दान देत देत स्वतःची मुलंही देऊन टाकतो ती. एक मुलगी रडायला लागली. आज ती स्वतः शिक्षिका आहे, ती गोष्ट तिच्या वर्गात सांगते असं मला कळवलंन.

गिरणाकाठ, तुमच्या काकांना म्हणावं, गाइड परका असायला हवा असं नाही. घरातल्या कोणी एकाने आठ दिवस अभ्यास केला तरी चालेल. पण कोणीतरी केला पाहिजे.

चाळीसगाव_लोकल
सगळे अजिंठ्यावर तुटून पडलेत. गिरणाकाठ, एक साधा प्रश्न. लग्न कोणत्या वारी आहे?

गिरणाकाठ
रविवारी. सहल सोमवारी, पूजा मंगळवारी, पाहुण्यांची परतीची गाडी बुधवारी रात्री.

चाळीसगाव_लोकल
सोमवारी अजिंठा बंद असतो.

गिरणाकाठ
अरे देवा. ट्रॅव्हल्सवाल्याने तारीख विचारून, वही बघून पॅकेज सांगितलं होतं. अॅडव्हान्स घ्यायला माणूस उद्या सकाळी येणार होता!

स्टेअरिंगवाला
मीही वार विचारला नाही, चूक माझीही. अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी, हे आमच्या धंद्यात पाठ असायला हवं. त्या माणसाला सरळ विचारा, लेण्यांच्या दारापर्यंत नेऊन परत आणणार होता का?

लेणीवाट
दर सोमवारी टी पॉइंटवर अशी एक-दोन कुटुंबं दिसतात. लांबून आलेली, मुलं नटलेली. बघवत नाही. चाळीसगाव_लोकल, बरं झालं विचारलंत.

डोंबिवलीची_खान्देशी
मग आता? सतरा माणसं, सत्तरीची आई, सोमवार.

चाळीसगाव_लोकल
आता माझं ऐका. पाटणादेवी, आणि दिवसभर तेच.

चाळीसगावहून अठरा-वीस किलोमीटर. गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत, तिन्ही बाजूंनी सातमाळ्याचे कडे, मधे चंडिकेचं देऊळ. आईंना दर्शन होईल, एरंडोलच्या ताईंची अट पूर्ण. देवीला जाताना पायऱ्या आहेत, पण सावकाश चढता येतात. मुलांना जंगल. फेब्रुवारीत धवलतीर्थाचा धबधबा नसेल, हे आधीच सांगतो, फोटोवर जाऊ नका. पण पळस आणि काटेसावर फुलायला लागलेले असतात, आणि पानगळीमुळे डोंगराचे थर उघडे दिसतात. मला ते पावसाळ्यापेक्षा आवडतं.

जवळच बाराव्या शतकातलं महादेवाचं दगडी मंदिर आहे, यादवांच्या काळातलं. शृंगार चावडी, नागार्जुन ही लेणी आहेत, धडधाकट माणसांनी बघावीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भास्कराचार्य. त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४. छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला, लीलावती त्यातलाच भाग. त्यांचं गाव कोणतं यावर विद्वानांत वाद आहेत, तो मी इथे काढत नाही. पण त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला तो इथे, पाटण्याला. याचा शिलालेख सापडलाय, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. त्याचा शेवटचा भाग मराठीत आहे: "इयां पाटणीं जे केणें उघटे..." म्हणजे या पाटणात जो माल विक्रीला उघडेल त्यावरच्या कराचा वाटा मठाला द्यावा. आठशे वर्षांपूर्वी आपल्या बाजारपेठेतल्या गिऱ्हाइकांच्या पैशावर गणिताची शाळा चालत होती! माझ्या गावाजवळ! मी हे कोणालाही सांगताना दरवेळी उभा राहतो.

आणि गाडीचा त्रास कमी करायचा तर जळगाव ते चाळीसगाव रेल्वेने या. मुंबईच्या मेन लाइनवरच आहे. आईंना ट्रॅव्हलरमध्ये दोन-अडीच तास आखडून बसावं लागणार नाही. स्टेशनहून इथली गाडी मी बघून देतो.

एरंडोलची_सून
हे मला चाललं! पद्मालय पुढच्या वेळी. चाळीसगाव दादा, चंडिकेची ओटी भरायचं सामान तिथे मिळतं का, की घरून न्यावं?

चाळीसगाव_लोकल
घरून न्या. दुकानं असतात पण सोमवारी किती उघडी मिळतील सांगता येत नाही. आणि पिशव्या सांभाळा, माकडं नारळ ओळखतात.

तापीतीर
चाळीसगावला उतरताच स्टेशनजवळ केकी मूस यांचं कलादालन आहे, ते पण जोडता येईल. हा माणूस त्या दगडी बंगल्यात आयुष्यभर राहिला, दशकानुदशकं बाहेर जवळपास पडलाच नाही, आणि आत बसून जगाने वाखाणलेली टेबल-टॉप फोटोग्राफी केली. टेबलावर चार वस्तू मांडून असं छायाचित्र की बघणाऱ्याला अख्खा देखावा वाटावा. मात्र उघडण्याची वेळ आधी फोन करून विचारा, सोमवारचा धडा आत्ताच मिळालाय.

भुसावळ_जंक्शन
पितळखोरा का नको? इसवी सनापूर्वीची लेणी, हत्तींची रांग, यक्ष. पाटणादेवीवरूनच डोंगरवाट आहे.

चाळीसगाव_लोकल
जंक्शनभाऊ, वाट आहे, पण ती चढणाऱ्यांची. सत्तरीची आई आणि पाच वर्षांचं लेकरू घेऊन नाही. गाडीने जायचं तर कन्नड घाट चढून पलीकडून जावं लागतं, घाटात ट्रक अडकला की दिवस गेला. पितळखोऱ्याला तरुण पोरांना घेऊन वेगळा दिवस काढा, मी सोबत येतो.

सातपुडा_वारा
माझं घोडं मधेच दामटतो. नंदुरबारकडून कोणी असेल तर तोरणमाळ लक्षात ठेवा. शहाद्याहून वर घाटाने, साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची, यशवंत तलाव, सीताखाई. पण जळगावहून एका दिवसात कोणी पॅकेज देत असेल तर घेऊ नका. सीताखाईच्या कड्यावर संध्याकाळी उभं राहायचं असेल तर मुक्काम हवाच.

केळीचा_घड
दशम्यांचं ठरलं ना पण?

गिरणाकाठ
दशम्या ठरल्या. पॅकेज रद्द केलं. ट्रॅव्हल्सवाल्याला शांतपणे सोमवारचं सांगितलं, तो म्हणाला, "बाहेरून तर बघता आलं असतं." मी फोन ठेवला.

सोमवारी पाटणादेवी नक्की. आणि आता आईच म्हणते, बुधवारी रात्री गाडी आहे ना, मग बुधवारी दिवसा ज्यांना जमेल त्यांनी अजिंठा करावा, ती घरी थांबून सामान बांधते. लेणीवाट दादा, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय. निवृत्त मास्तर, तुमचा प्रतिसाद काकांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी वाचनालयातून भास्कराचार्यांवरचं पुस्तक घेऊन आलेत.

निवृत्त_मास्तर
काकांना सांगा, टिपणं पाठकोऱ्या कागदावर काढा, खिशात मावतात.

अहिरानी_गोडवा
व्हईग्या काका गाइड!

गिरणाकाठ
तीन आठवड्यांनी परत येतोय. वृत्तांत द्यायचं कबूल केलं होतं.

सोमवारी चौदा जण गेलो, तिघांना लग्नाची दगदग झाली होती. सकाळच्या रेल्वेने चाळीसगाव. मामा चाळीस वर्षांनी त्या फलाटावर उतरले, त्यांचं बालपण तिथलं. ते बाकड्यावर बसून राहिले आणि आम्ही कोणी घाई केली नाही, कारण घाई करण्यासारखं पुढे काही ठेवलेलंच नव्हतं. चाळीसगाव_लोकल दादा स्वतः आले. त्यांच्या ओळखीचा एक तरुण होता, पाटण्याच्या बाजूचाच, जंगलात लहानाचा मोठा झालेला. त्याने बिबट्याचे ओरखडे दाखवले सागाच्या बुंध्यावर, सालीला हात न लावता. मुलं त्याला सोडेनात.

आईने पायऱ्या चार वेळा थांबून चढल्या. वर ओटी भरली. खाली आल्यावर महादेवाच्या मंदिरात सावलीला सगळे टेकले आणि काका उभे राहिले. खिशातून पाठकोरे कागद काढले. लीलावतीतलं एक कमळाचं उदाहरण घातलं त्यांनी: कमळांच्या राशीचा तिसरा भाग शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला, उरलेली सहा गुरूंच्या चरणी, तर एकूण कमळं किती? मुंबईची पोरं मोबाईल काढायला लागली, तर काका म्हणाले, काडीने मातीत करा. माझ्या नववीतल्या भाचीने मातीत मांडून काढलं. एकशेवीस. काकांनी तिला दोन दशम्या जास्त दिल्या. शिलालेखाची छापील प्रत दादांनी आणली होती, ती त्यांनी मोठ्याने वाचली, आणि खरंच उभे राहून.

केकी मूस यांचं दालन वेळेत बसलं नाही, राहिलं.

बुधवारी सात जण अजिंठ्याला गेलो. पहिल्या बसने आत. लेणीवाट दादांनी फक्त नऊ लेणी दाखवली, चार तास. चार हरणांपाशी पाच वर्षांच्या आरूने विचारलं, "यांना भूक लागली तर जेवतं कोण?" दादा हसले आणि म्हणाले, इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. चित्रांच्या लेण्यात आम्ही गप्प उभे राहिलो. निळा खरंच सगळ्यात शेवटी आला.

परत आल्यावर आईने एकेकाला बसवून सगळं सांगायला लावलं. मग म्हणाली, पुढच्या वर्षी मला डोलीत बसवून न्या.

लेणीवाट
आईंना जरूर आणा. डोलीवाले पायथ्याशी असतात, दर आधी ठरवून घ्या. सोमवार सोडून.

डोंबिवलीची_खान्देशी
गिरणाकाठ, दोनदा वाचलं. मे महिन्यात माहेरी येतेय, तेव्हा पाटणादेवी जमेल का?

चाळीसगाव_लोकल
ताई, मेमध्ये नको, कडे तापतात आणि सावली उरत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरला या, तेव्हा धवलतीर्थ वाहत असतं. पाऊस जोराचा असेल तर आदल्या दिवशी मला विचारा, डोंगरी नदीला पाणी आलं की पलीकडे जाता येत नाही.